पासष्टावे वर्ष आणि दोन विम्यांमधली फट

न्यू जर्सीतले माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, २०२० च्या डिसेंबरअखेर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कागदपत्रांबरोबर कंपनीने त्यांना एक सवलत देऊ केली. ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याखाली नोकरीतला आरोग्यविमा आणखी अठरा महिने चालू ठेवता येईल, मात्र हप्ता सगळा स्वतः भरायचा. हप्ता भारी होता, तरी काकांनी तो एकही महिना न चुकवता भरला. २०२२ च्या जूनमध्ये ती मुदत सरली आणि ते निश्चिंत मनाने ‘मेडिकेअर’मध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, नाव घालायला गेले. तेथे त्यांना कळले की त्यांची नोंदणीची मुदत दहा महिन्यांपूर्वी, ३१ ऑगस्ट २०२१ रोजीच उलटून गेली आहे. रुग्णालयाच्या खर्चाचा विमा लगेच मिळाला. डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्यासाठी मात्र पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागले आणि तो प्रत्यक्ष लागू झाला १ फेब्रुवारी २०२३ पासून. मधले सात महिने कोरडे गेले. मोतीबिंदूची ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली, आणि त्या विम्याच्या मासिक हप्त्यावर वीस टक्के दंड लागला, तो आजन्म.

काकांनी दूरध्वनीवर मला विचारले, “तू इतिहास शिकतेस ना? मग एवढंच सांग. ज्या महिन्यात मी विम्याचे पैसे भरत होतो, त्याच महिन्यात कायद्याच्या लेखी मी विमा नसलेला कसा?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. नंतर बरेच वाचले आणि लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर कोण्या कारकुनाच्या चुकीत नाही. ते १९२९, १९४२, १९६५ आणि १९८२ या चार वर्षांत विखुरलेले आहे. आजचा धागा त्या चार वर्षांचा. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ टेक्सासमधल्या डॅलस शहरात होतो. १९२९ साली जस्टिन फोर्ड किंबॉल नावाचे गृहस्थ बेलर विद्यापीठाच्या तेथील रुग्णालयाचा कारभार पाहत होते. रुग्णालयाची बिले थकलेली होती आणि थकबाकीदारांच्या यादीत शाळाशिक्षकांची नावे पुष्कळ होती. किंबॉल पूर्वी त्याच शहराच्या शाळांचे अधीक्षक होते, त्यामुळे शिक्षकांच्या पगाराची ओढाताण त्यांना ठाऊक होती. त्यांनी योजना काढली की प्रत्येक शिक्षकाने महिन्याला पन्नास सेंट भरावेत, आणि आजारी पडल्यास रुग्णालयाने वर्षाला एकवीस दिवस त्याची शुश्रूषा करावी. पुढे ‘ब्लू क्रॉस’ म्हणून देशभर पसरलेल्या विम्याचा हा उगम मानतात. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. हा विमा एकेका माणसाला विकलेला नव्हता, एका ठिकाणी काम करणाऱ्या गटाला दिलेला होता. कामावर येणारी माणसे बहुधा धडधाकट असतात, आणि गटात निरोगी लोक पुरेसे असतील तरच पन्नास सेंटांत भागते. म्हणजे नोकरी ही विम्याची चाळणी पहिल्या दिवसापासूनच होती.

तरीही १९४० साली रुग्णालयाचा विमा असलेले अमेरिकन दहात एखादाच असावेत. १९५० साली ते प्रमाण जवळपास निम्म्यावर गेले. दहा वर्षांत एवढी झेप कशी? उत्तर आहे महायुद्ध, आणि तेही आडवळणाने.

१९४२ मध्ये कारखान्यांना माणसे मिळेनाशी झाली होती आणि महागाई उसळी घेत होती. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना वेतन व किमती गोठवण्याचा अधिकार दिला. मजुरी वाढवायची नाही, मग दुसऱ्या कारखान्यातला वेल्डर आपल्याकडे ओढायचा कसा? कायद्याने विमा आणि निवृत्तिवेतन यांतल्या माफक सवलती ‘वेतना’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या होत्या. मालकांनी ती वाट धरली. मालक गटविम्यासाठी जे भरतो ते कामगाराचे करपात्र उत्पन्न नव्हे, असा अर्थ करखात्यानेही लावला, आणि १९५४ च्या करसंहितेने तो पक्का केला. तेव्हापासून एक डॉलर पगारात देण्यापेक्षा विम्यात देणे दोन्ही पक्षांना स्वस्त पडू लागले. कामगार संघटनांनी हे हेरले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस निवृत्तिवेतन आणि विमा हे सामूहिक वाटाघाटीचे विषय ठरले, आणि पोलाद व मोटार उद्योगांतल्या करारांत आरोग्यविम्याची कलमे ठळक अक्षरांत येऊ लागली.

अमेरिकेने ‘नोकरीतला विमा’ ही पद्धत विचारपूर्वक निवडली, असे वर्णन अनेकदा वाचायला मिळते. मला ते पटत नाही. युद्धकाळातली तात्पुरती पळवाट आणि करखात्याचा एक अर्थनिर्णय यांवर ही इमारत उभी आहे. तिचा आराखडा कोणी काढलेलाच नव्हता, त्यामुळे माणूस निवृत्त झाल्यावर काय, हा प्रश्नही कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला तो म्हाताऱ्यांवर वेळ आली तेव्हा. ब्लू क्रॉस सुरुवातीला गावातल्या सर्वांना एकच दर लावत असे. व्यापारी विमा कंपन्या या धंद्यात उतरल्या त्या प्रत्येक गटाच्या आजारपणाचा हिशेब मांडून. तरुण कामगारांच्या कारखान्याला स्वस्त दर मिळाला, तो कारखाना ब्लू क्रॉसमधून निघून गेला, मागे वयस्क आणि आजारी उरले, त्यांचा दर वाढला. अशा वेळी निवृत्त माणूस कुठल्याच गटात बसेना. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या पासष्ट वर्षांवरील लोकांपैकी सुमारे निम्म्यांना कोणताही रुग्णालय-विमा नव्हता. आजारपण तरुणांहून अधिक, उत्पन्न तरुणांहून कमी आणि विमा नाही. वृद्ध आईवडिलांच्या रुग्णालयाच्या बिलापायी मुलांनी घर गहाण टाकणे ही त्या काळातली सामान्य गोष्ट होती. विमा नसलेल्या वृद्धांचा भार नेमका मध्यमवर्गावर पडत होता, म्हणूनच पुढे राजकारण हलले.

पण पासष्टच का? येथे एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घ्यायला हवा. जर्मनीच्या बिस्मार्कने पासष्ट ठरवले आणि जगाने उचलले, असे ठिकठिकाणी छापलेले आढळते. प्रत्यक्षात जर्मनीच्या १८८९ च्या कायद्यात वय सत्तर होते. ते पासष्टावर आले १९१६ साली, बिस्मार्क वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. अमेरिकेत १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा, म्हणजे वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा, घडवणाऱ्या समितीपुढे वेगवेगळ्या राज्यांच्या लहानसहान योजना होत्या, काहींत पासष्ट, काहींत सत्तर. रेल्वे कामगारांच्या ताज्या योजनेत पासष्ट होते. पासष्टाने हिशेब जुळत होता, म्हणून पासष्ट. जीवशास्त्राचा त्यात फारसा संबंध नाही.

राष्ट्रव्यापी आरोग्यविम्याची मागणी नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी काँग्रेसपुढे मांडली. ती सर्वांसाठी होती, फक्त वृद्धांसाठी नव्हे. डॉक्टरांची बलाढ्य संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, आडवी आली. तिने सभासदांकडून प्रत्येकी पंचवीस डॉलर गोळा केले, प्रचारासाठी व्हिटेकर आणि बॅक्स्टर ही कॅलिफोर्नियातली जोडी नेमली आणि ‘समाजवादी वैद्यक’ हा शब्द घराघरांत पोचवला. शीतयुद्धाचे दिवस होते. तेवढा शब्द पुरला. ट्रूमन हरले. त्यांच्या सल्लागारांनी मग मागणी आखडती घेतली: निदान निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांना तरी रुग्णालयाचा खर्च द्यावा. मेडिकेअर फक्त वृद्धांसाठी का, याचे उत्तर या माघारीत आहे.

पुढची बारा-तेरा वर्षे विधेयके येत राहिली आणि पडत राहिली. १९६१ मध्ये डॉक्टरांच्या पत्नींच्या मंडळांनी घरोघरी कॉफीपानाचे कार्यक्रम योजले. तेथे एक ध्वनिमुद्रिका वाजवली जाई आणि ऐकणाऱ्या स्त्रिया आपापल्या काँग्रेस सदस्याला विरोधाची पत्रे लिहीत. मुद्रिकेवरचा आवाज होता रोनाल्ड रेगन या अभिनेत्याचा. हे नाव ध्यानात असू द्यावे, पुढे ते पुन्हा येणार आहे. मे १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो वृद्धांपुढे बोलले, ते दूरचित्रवाणीवरूनही दाखवले गेले. त्याला उत्तर म्हणून डॉक्टरांच्या संघटनेने तेच सभागृह रिकाम्या खुर्च्या आणि पडलेल्या कचऱ्यासह भाड्याने घेतले आणि आपल्या वक्त्याला तेथून बोलायला लावले. प्रचाराची युक्ती म्हणून ती अव्वल होती. जुलैमध्ये सेनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी विधेयक बाजूला सारले.

या लढ्यात कामगार संघटना वृद्धांच्या बाजूने का उतरल्या, हे पाहण्यासारखे आहे. भूतदया होतीच, पण हिशेबही होता. निवृत्त सभासदांचा औषधोपचार मालकाच्या करारातून काढायचा म्हणजे चालू कामगारांच्या पगारवाढीतून तेवढे वजा होणार. तो भार सरकारने उचलला तर दोघांचीही सुटका. नोकरीतला विमा आणि सरकारी विमा हे एकमेकांचे शत्रू असल्यासारखे आपण बोलतो. वस्तुतः दुसरा आला म्हणूनच पहिला तगला.

१९६४ च्या निवडणुकीत लिंडन जॉन्सन प्रचंड बहुमताने निवडून आले आणि वारे फिरले. आता किल्ली होती विल्बर मिल्स यांच्या हाती. करविषयक समितीचे हे अध्यक्ष आजवर विधेयक अडवून बसले होते. मार्च १९६५ मध्ये त्यांच्या समितीपुढे तीन प्रस्ताव होते. सरकारचा प्रस्ताव वेतनावरील करातून रुग्णालयाचा विमा देण्याचा. रिपब्लिकन सदस्य जॉन बर्न्स यांचा प्रस्ताव डॉक्टरांच्या खर्चासह ऐच्छिक विम्याचा, ज्यात एक-तृतीयांश वाटा वृद्धाच्या हप्त्याचा आणि दोन-तृतीयांश सरकारचा. डॉक्टरांच्या संघटनेचा प्रस्ताव गरिबांपुरत्या मदतीचा. तिन्ही एकमेकांना पर्याय म्हणून मांडलेले. मिल्स यांनी विचारले, तिन्ही एकत्र का घेऊ नयेत? पहिला झाला ‘पार्ट ए’, दुसरा ‘पार्ट बी’, तिसरा ‘मेडिकेड’. लोकांनी त्याला तीन थरांचा केक म्हटले.

काकांच्या प्रश्नाचा पहिला धागा इथे हाती लागतो. ‘पार्ट ए’ हा आयुष्यभर पगारातून कापलेल्या कराचा परतावा आहे, त्यामुळे तो हक्काने येतो. ‘पार्ट बी’ मात्र ऐच्छिक ठरला, आणि ज्या प्रस्तावावर तो बेतला होता त्याचा नमुना होता केंद्र सरकारी नोकरांचा खासगी कंपनीकडचा विमा! ऐच्छिक विम्याला एकच भय असते: लोक धडधाकट असताना बाहेर राहतील आणि आजारी पडल्यावर आत येतील. त्यावर उपाय म्हणून कायद्याने नोंदणीची ठरावीक मुदत घातली, आणि ती चुकवणाऱ्याला प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांच्या उशिरासाठी हप्त्यावर दहा टक्के कायमचा अधिभार. काकांचे वीस टक्के १९६५ च्या त्या कलमातून आले आहेत.

३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी गेले आणि एक्याऐंशी वर्षांच्या ट्रूमन यांच्या शेजारी बसून त्यांनी कायद्यावर सही केली. मेडिकेअरचे पहिले कार्ड ट्रूमन यांचे, दुसरे त्यांच्या पत्नी बेस यांचे.

योजना सुरू व्हायची होती १ जुलै १९६६ रोजी. अकरा महिन्यांत एक कोटी नव्वद लाख वृद्धांपर्यंत पोचायचे होते. ‘पार्ट बी’चा हप्ता महिन्याला तीन डॉलर होता. नाव घालण्याची मुदत ३१ मार्च होती, ती अखेर मेअखेरपर्यंत वाढवावी लागली, आणि दारोदार जाऊन समजावण्यासाठी वृद्धांनाच कामावर नेमले गेले. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी नाव घातले.

याच महिन्यांत जे घडले ते विम्याच्या इतिहासात क्वचित सांगितले जाते, म्हणून थोडे विषयांतर करते. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या रुग्णांसाठी वेगळी रुग्णालये, निदान वेगळे कक्ष होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशभेद करता येत नव्हता. मेडिकेअरचा पैसा नको म्हणणे कोणत्याही रुग्णालयाला परवडणारे नव्हते. सरकारने सुमारे हजार कर्मचारी तपासणीला पाठवले. शेजारच्या खाटांवर कोण झोपले आहे, रक्ताच्या बाटल्यांवर वंशाची खूण आहे का, काळ्या डॉक्टरांना प्रवेश आहे का, हे ते जाऊन पाहत. चार-पाच महिन्यांत शेकडो रुग्णालयांतल्या भिंती पडल्या. शाळांच्या बाबतीत १९५४ च्या निकालानंतरही जे दहा वर्षांत साधले नव्हते ते येथे बिलांच्या जोरावर साधले.

आता १९६६ च्या निवृत्त माणसाची स्थिती कल्पावी. पासष्टावे वर्ष लागले की बहुतेक ठिकाणी मालक त्याला घरी पाठवत असे. १९६७ च्या वयभेदविरोधी कायद्याचे संरक्षणही चाळीस ते पासष्ट एवढ्याच वयाला होते. त्याच वर्षी पूर्ण निवृत्तिवेतन सुरू होई, त्याच वर्षी मेडिकेअर. नोकरी, वेतन आणि विमा या तिन्हींचा सांधा एकाच दिवशी बदलत असे. १९७२ च्या दुरुस्तीने तर निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे नाव ‘पार्ट बी’त आपोआप घालण्याची सोय केली. नको असेल त्याने नकार कळवावा. मुदत चुकण्याचा प्रश्नच फारसा उरला नव्हता.

हा सांधा पुढच्या वीस वर्षांत तीन जागी निखळला, आणि तिन्ही वेळा हेतू वाईट नव्हता.

पहिली जागा: सक्तीची निवृत्ती. सत्तरी ओलांडलेले काँग्रेस सदस्य क्लॉड पेपर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये संरक्षणाचे वय सत्तर झाले आणि १९८६ मध्ये बहुतेक नोकऱ्यांपुरती ती मर्यादाच गेली. लोक पासष्टानंतर काम करू लागले.

दुसरी जागा, काकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. १९८२ मध्ये वित्तीय तुटीने घायकुतीला आलेल्या सरकारने कायदा केला की पासष्टानंतरही नोकरीत असलेल्यांचा खर्च मालकाच्या विम्याने आधी द्यावा, मेडिकेअरने नंतर. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकांनाच हे लागू. आधी ते पासष्ट ते एकोणसत्तर वयापुरते होते, पुढे वरची मर्यादा गेली. सही करणारे राष्ट्राध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. एकवीस वर्षांपूर्वी ज्यांचा आवाज कॉफीच्या बैठकांत घुमला होता, त्यांनी मेडिकेअर मोडले नाही. त्याचे बिल मालकाकडे सरकवले. आता मालकाचाच विमा आधी पैसे देणार तर माणसाने पार्ट बीचा हप्ता उगाच का भरावा? म्हणून १९८४ मध्ये सूट आली: चालू नोकरीतला विमा आहे तोवर पार्ट बी पुढे ढकलावा, दंड नाही, आणि नोकरी संपल्यावर नाव घालायला खास मुदत. ही मुदत आज आठ महिन्यांची आहे.

तिसरी जागा १९८३ ची. निवृत्तिवेतनाचा निधी आटत होता, म्हणून पूर्ण वेतनाचे वय हळूहळू सदुसष्टापर्यंत नेण्याचे ठरले. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ते पूर्ण लागू. मेडिकेअरचे वय मात्र पासष्टच राहिले. पासष्टाव्या वर्षी वेतन न घेणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले जात नाही. त्याने स्वतः उठून जायचे. काका सत्तरीपर्यंत वेतन पुढे ढकलत होते, कारण थांबलेल्या प्रत्येक वर्षासाठी ते आठ टक्क्यांनी वाढते. हिशेब अगदी बरोबर होता. पण जे यंत्र पूर्वी माणसाला हाताला धरून नेत असे, ते त्यांच्यापुरते बंद पडले होते.

उरला ‘कोब्रा’. हा १९८६ च्या एप्रिलमध्ये सही झालेला कायदा नोकरी गेलेल्यांना सावरण्यासाठी होता. अठरा महिने तोच विमा, पण आपल्या खर्चाने. तो पासष्टीपलीकडच्या माणसासाठी योजलेलाच नव्हता. मेडिकेअरच्या कायद्यात दंडातून सूट आहे ती ‘चालू नोकरीमुळे’ मिळणाऱ्या विम्याला. काकांचे कार्ड तेच, कंपनी तीच, डॉक्टर तेच. फक्त १ जानेवारी २०२१ पासून ते नोकरीत नव्हते. त्या दिवसापासून आठ महिन्यांचे घड्याळ चालू झाले होते आणि कोब्राचे हप्ते त्याला थांबवू शकत नव्हते. त्यांनी भरलेला विमा खरा होता. १९८४ च्या कलमाला अभिप्रेत असलेला विमा तो नव्हता. एवढेच त्यांच्या प्रश्नाचे उत्तर, आणि ते ऐकून त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही.

वीसपेक्षा कमी माणसांच्या कचेरीत काम करणाऱ्याची गत याच्या उलट. तेथे मेडिकेअर पहिले आणि मालकाचा विमा दुसरा. ‘मला नोकरीतला विमा आहे’ म्हणून पासष्टाव्या वर्षी स्वस्थ बसलेल्या माणसाला विमा कंपनी सांगू शकते की पहिला वाटा मेडिकेअरचा होता, तो आम्ही देणार नाही. आणखी एक खाच करमुक्त आरोग्य-बचत खात्याची. मेडिकेअर सुरू झाल्यावर त्यात पैसे घालता येत नाहीत, आणि पासष्टानंतर उशिरा घेतलेला ‘पार्ट ए’ सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो.

पूर्वी या फटीवर एक फळी टाकलेली असे: कंपनीने निवृत्तांनाही देऊ केलेला पूरक विमा. १९८८ साली कर्मचाऱ्यांना विमा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश असा विमा देत. मग १९९० च्या डिसेंबरात हिशेबनीसांच्या मंडळाने नियम केला की निवृत्तांना दिलेले आरोग्याचे वचन आजच देणे म्हणून ताळेबंदात दाखवा. जनरल मोटर्सला १९९२ च्या हिशेबात एकट्या या बाबीपायी वीस अब्ज डॉलरहून अधिक बोजा दाखवावा लागला. वचन आधीही होते, आता ते कागदावर दिसू लागले, आणि दिसू लागताच कंपन्यांनी ते आवरते घेतले. आज अशा कंपन्या पाव हिश्श्याच्या आसपास उरल्या आहेत.

या साऱ्याशी मराठी माणसाचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. मेडिकेअरच्या सहीनंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि भारतीयांना दार उघडले. मेडिकेअरमुळे रुग्णालयांतली गर्दी वाढली. शिवाय निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा वाटाही मेडिकेअर उचलू लागले. त्या जागांवर परदेशांत शिकलेले डॉक्टर मोठ्या संख्येने गेले आणि त्यांत मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले कितीतरी होते. ज्या योजनेने त्यांना तरुणपणी काम दिले, तिच्याच नोंदणी-खिडकीपुढे आज ते म्हातारपणी उभे आहेत.

त्यांच्या आईवडिलांची कथा वेगळी. मुलांनी बोलावून घेतलेल्या, उतारवयात ग्रीन कार्डावर गेलेल्या आजी-आजोबांनी अमेरिकेत कर भरलेला नसतो. मोफत ‘पार्ट ए’ला चाळीस तिमाह्यांची, म्हणजे दहा वर्षांची कमाई लागते. विकत घ्यायचा तरी कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे तेथे राहिलेले असावे लागते. पार्ट बीसाठीच्या या पाच वर्षांच्या अटीला क्यूबाहून आलेल्या निर्वासितांनी आव्हान दिले होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की परकीय नागरिकांना कोणत्या सवलती द्याव्यात ही मर्यादा आखण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. त्या निकालात मराठी नाव एकही नाही, पण एडिसनमधल्या कितीतरी आज्यांची पहिली पाच वर्षे त्याच्या छायेत गेली आहेत.

आणि जे परत येतात त्यांचे? मेडिकेअर काही अपवाद सोडता अमेरिकेबाहेर एक पैसा देत नाही. कोथरूडला स्थायिक झालेल्याने पार्ट बीचा हप्ता भरत राहावे तर त्याचा इथे उपयोग शून्य. सोडून द्यावे आणि नातवंडांसाठी पुन्हा जावे लागले तर उशिराचा अधिभार वाट पाहतच असतो.

मावशी आणि काकांपुढे सध्या हाच प्रश्न आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया २०२३ च्या वसंतात झाली, उत्तम झाली. २०२३ साली पार्ट बीचा हप्ता १६४.९० डॉलर होता. काकांच्या बिलावर त्याखाली ३३ डॉलरची आणखी एक ओळ छापून आली. हप्ता वाढला की तीही वाढते. त्यांनी ते पहिले बिल मला छायाचित्र काढून पाठवले, आणि खाली लिहिले: “१९६५ चे कलम, पोचले.”